मायामी बीचचा पहिला मोठा बिल्डर कार्ल फिशर : जगला कसा, गेला कसा

ओसरीवरून | मंगळवार, रात्री १०:१२

मंडळी,

बिल्डरांवर इथे वर्षाला दहाएक धागे निघतात आणि सगळे ताबा, पार्किंग नि कन्व्हेयन्स या तीन ठेसनांवर येऊन थांबतात. मी बावीस वर्षं याच धंद्याच्या कडेकडेने काढली. सर्च रिपोर्ट, फेरफार, दस्त नोंदणी. त्यामुळे तक्रारींत मलाही भर घालता येईल. आज मात्र एका परदेशी, शंभर वर्षांपूर्वीच्या बिल्डरची गोष्ट सांगतो. माणूस बारावीला नव्हे, बाराव्या वर्षी शाळा सोडलेला. त्याने खाडीच्या तळाची वाळू उपसून जमीन केली, ती अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत लोकांना विकली, आणि गेला तेव्हा त्याच शहरात साध्या घरात राहत होता.

कार्ल ग्रॅहॅम फिशर. जन्म १२ जानेवारी १८७४, इंडियाना राज्यातलं ग्रीन्सबर्ग. डोळे जन्मापासून अधू, फळ्यावरचं दिसत नसे, म्हणून शाळा सुटली. किराणा दुकानात काम केलं, आगगाडीत पेपर, तंबाखू, गोळ्या विकल्या. सतराव्या वर्षी भावांसोबत इंडियानापोलिसमध्ये सायकलचं दुकान. तिथून त्याला एक गोष्ट उमगली ती आयुष्यभर सुटली नाही: माल नंतर, आधी गर्दी. गावातल्या उंच इमारतीच्या गच्चीवरून त्याने सायकल खाली टाकली आणि जाहीर केलं की जो हे सांगाडं माझ्या दुकानात आणेल त्याला नवी सायकल फुकट. पुढे मोटारी विकायला लागल्यावर, ३० ऑक्टोबर १९०८ ला, मोठ्या फुग्याला स्टॉडर्ड-डेटन गाडी टांगून तीत बसून शहरावरून उडाला आणि परत आला तो तीच गाडी चालवत! लोक वेडे झाले. खरी गोष्ट अशी की वजन कमी व्हावं म्हणून वर गेलेल्या गाडीचं इंजिनच काढून ठेवलं होतं. भावाने तशीच दुसरी गाडी गावाबाहेर नेऊन ठेवली होती. हा तीत बसून परतला.

(सँपल फ्लॅटमधला छोट्या मापाचा पलंग आठवला ना? मलाही.)

पैसा आला तो दिव्यातून. त्या काळी मोटारीला रात्रीचा नीट उजेड नव्हता. अॅसिटिलीन वायू नळकांड्यात भरून गाडीचे दिवे पेटवायचे, ही युक्ती घेऊन एक जण त्याच्याकडे आला. फिशरने जेम्स अॅलिसनला सोबत घेऊन प्रेस्ट-ओ-लाइट कंपनी काढली. कारखान्यात स्फोट होत, शेजारपाजार हादरे, पण नळकांडी खपत. शेवटी सुमारे ९० लाख डॉलरला ती कंपनी विकली गेली. युनियन कार्बाइडला.

मधल्या काळात इंडियानापोलिसची मोटार शर्यतीची धावपट्टी. १९०९ साली चार भागीदारांनी अडीच मैलांचा ट्रॅक बांधला, वर खडी आणि डांबर. ऑगस्टमधल्या पहिल्याच मोटार शर्यतींत पृष्ठभाग उखडला आणि पाच माणसं गेली, त्यातले दोघे प्रेक्षक. दुसरा कुणी असता तर कुलूप लावून घरी गेला असता. यांनी दोन महिन्यांच्या आसपास ३२ लाख विटा बसवून सगळा ट्रॅक फरशीसारखा केला. ३० मे १९११ ला पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. आजही सुरुवातीच्या रेषेवर वारभर (तीन फूट) रुंदीची विटांची पट्टी मुद्दाम राखली आहे.

आता मुद्द्याचं. १९१२ च्या सुमारास हा मायामीला आला. समोर खाडी, खाडीपल्याड चिंचोळं बेट. समुद्राच्या अंगाला वाळूची पट्टी, खाडीच्या अंगाला तिवरांचं रान, डास, साप. न्यू जर्सीहून आलेला जॉन कॉलिन्स नावाचा पंचाहत्तरीचा म्हातारा तिथे अॅव्होकाडोची बाग करत होता आणि बेटापर्यंत लाकडी पूल बांधायला निघाला होता. पूल अर्ध्या खाडीत पैशाअभावी अडकला. फिशरने ५० हजार डॉलर दिले, बदल्यात २०० एकर घेतली. १२ जून १९१३ ला अडीच मैलांचा पूल खुला झाला. अर्धवट पूल पाहून आपण हळहळलो असतो, याला त्यात सातबारा दिसला.

मग उपसा सुरू झाला. ड्रेजरने खाडीचा तळ शोषायचा, नळातून तिवरांच्या तोडलेल्या बुंध्यांवर ओतायचा. त्या गाळातले किडे-मासे उन्हात कुजत आणि वास मैलभर जाई. वरून पांढरी रेताड जमीन तयार होई, तीवर काडीभर गवत उगवेना, म्हणून आतल्या दलदलीतली काळी माती आणून पसरली.

बाकीचं उद्या. हत्तीची गोष्ट राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय धागा सोडणार नाही.

---

भातखाचर | रात्री १०:१९

पहिला! वाचून सावकाश लिहितो.

---

अर्धवट इंजिनियर | रात्री १०:४१

युनियन कार्बाइड म्हणजे… तीच?

---

ओसरीवरून | रात्री १०:४४

हो, तीच. १९१७ साली ज्या कंपन्या एकत्र येऊन युनियन कार्बाइड अँड कार्बन झाली त्यांत प्रेस्ट-ओ-लाइट होती. भोपाळ त्यानंतर ६७ वर्षांनी. फिशरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण नाव वाचून माझंही बोट थांबलं होतं.

---

रेवदंडेकर काका | बुधवार, सकाळी ६:०५

लेख झकास. एक दुरुस्ती सुचवतो, तुमच्यासाठी नाही, अमेरिकनांसाठी. त्याच्या स्मारकावर लिहिलंय म्हणे की याने जंगलातून शहर कोरून काढलं. अहो, तिवरांना जंगल म्हणणारा माणूस किनाऱ्यावरचा नव्हे. आमच्याकडे खारभूमीचे बांध घालत आयुष्यं गेली. तिवर तोडून भराव टाकलात की पाणी कुठे जात नाही, ते वाट बघतं. आमच्या आळीत एकाने खाजणात भराव करून चार खोल्या बांधल्या, दर भाद्रपदातल्या उधाणाला त्याच्या न्हाणीतून पाणी उलटं वर येतं. बरं, बेटाच्या कुठल्या अंगाला शहर वसवलं? समुद्राच्या की खाडीच्या?

---

ओसरीवरून | सकाळी ७:३०

काका, दोन्ही. पण उंची आहे ती समुद्राच्या अंगाला, वाळूच्या पट्टीवर. खाडीची बाजू भरावाची, म्हणून सखल. आणि त्या काळी खाडीकाठचे बंगले महाग, बोट दारात लागते म्हणून.

---

नकोते_प्रश्न | सकाळी ९:५८

लेखनशैली छान वगैरे सगळं मान्य. पण "उपसा सुरू झाला", "माती आणून पसरली", "गवत उगवेना". कोणी? माती आपण होऊन पसरली का? तिवरं कोणी तोडली? त्यांना त्या बेटावर राहता येत होतं का? आणि बायकोचं वय सांगा की. तेवढं बरं गाळलंत.

---

ओसरीवरून | सकाळी ११:२२

नप्र, गाळलं नव्हतं, पुढच्या भागात होतं. पण विचारलंत ते रास्त आहे, आत्ताच लिहितो.

तिवरं तोडली काळ्या मजुरांनी, कोयत्यांनी, डासांच्या ढगात. फिशरची बायको जेन हिने पुढे लिहून ठेवलंय की गवत लावायला शेकडो काळी माणसं होती, त्यातल्या बऱ्याच बायका आणि मुलं. हातापायांवर रांगत, गवताच्या रोपांची टोपली पुढे ढकलत, एकेक काडी मातीत खोचत जायची. भाताची लावणी डोळ्यांपुढे आणा, फक्त चिखलाऐवजी तापलेली रेताड जमीन.

याच माणसांना तिथे प्लॉट घेता येत नव्हता. फिशरच्या खरेदीखतांत अटच होती, काळ्यांना नाही आणि ज्यूंनाही नाही. मी आयुष्यभर दस्त वाचले आहेत, दस्तातली एक ओळ काय करू शकते ते मला कुणी शिकवायला नको. बेटाच्या दक्षिण टोकाला लमस बंधूंची जमीन होती. तेही काळ्यांना विकत नसत, पण ज्यूंना विकत. म्हणून ज्यू वस्ती बरीच वर्षं पाचव्या रस्त्याच्या खालीच राहिली. १९३६ चं एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तिथे अजून उभं आहे, आता त्यात फ्लॉरिडातल्या ज्यूंचं संग्रहालय आहे.

लग्न १९०९ साली. तो ३५, जेन १५ वर्षांची. त्याच सुमारास त्याच्या आधीच्या वाग्दत्त वधूने वचनभंगाचा दावाही लावला होता. १९२६ मध्ये घटस्फोट.

---

नकोते_प्रश्न | सकाळी ११:४०

धन्यवाद. आता हत्ती येऊ द्या.

---

फिरंगाई | दुपारी १:१५

वडिलांनी १९९४ मध्ये शहराबाहेर "प्रस्तावित रिंगरोड टच" प्लॉट बुक केला होता. माहितीपत्रकावर कारंजं, बाकावर बसलेलं जोडपं आणि एक हरिण होतं. हरिण! प्रत्यक्षात एनए झालेलंच नव्हतं. बिल्डरचं ऑफिस एका सोमवारी गेलो तर तिथे झेरॉक्सचं दुकान. बाबा त्यानंतर दर दिवाळीला ती विसारपावती कपाटातून काढून बघायचे आणि परत ठेवायचे. नाव लिहीत नाही, माणूस आता हयात नाही. तुमच्या फिशरचं हरिण कोणतं होतं ते वाचायला थांबले आहे.

---

भातखाचर | दुपारी १:३२

@फिरंगाई, आमच्याकडच्या पत्रकावर मोर होता.

---

संपादक | दुपारी २:००

धागा फिशरवर राहू द्या. स्वतःच्या फसवणुकीचे अनुभव लिहायला हरकत नाही, हयात-अहयात कुणाचंही नाव नको.

---

ओसरीवरून | रात्री ९:४८

तर हरिण.

मायामी बीच गाव म्हणून २६ मार्च १९१५ ला कागदावर आलं. प्लॉट मात्र खपेनात. फिशरचा अंदाज होता की म्हातारे श्रीमंत थंडीतून पळून इथे येतील. ते पाम बीचला जात होते, तिथे रेल्वेवाल्या हेन्री फ्लॅगलरची हॉटेलं होती, मंडळ जमलेलं होतं. शेवटी त्याने मोहरा फिरवला. खानदानी पैशाचा नाद सोडून मोटारवाले, टायरवाले, यंत्रवाले अशा नव्या पैशावर नेम धरला. त्यांना बॉलडान्स नको होता, वेग हवा होता. मग स्पीडबोटींच्या शर्यती, पोलोची मैदानं, गोल्फ. १९२१ च्या तोंडावर खाडीकाठी फ्लमिंगो हॉटेल उघडलं. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला, ऐन हिवाळ्यात, दिव्यांचा मोठा फलक लावला: मायामीत जून आहे. खाली बर्फ तुडवत जाणाऱ्याने तो वाचायचा. बास, एवढंच. प्लॉटचा भाव नाही, चौरस फूट नाही.

आणि हत्तीण, रोझी. हिला फिशरने बेटावर आणलं, ती मुलांना पाठीवर फिरवी, कामाला जुंपली जाई. १९२१ साली निवडून आलेले पण अजून शपथ न घेतलेले अध्यक्ष हार्डिंग तिथे सुट्टीला आले. फिशरने त्यांना गोल्फ खेळायला नेलं आणि कॅडी (गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहणारा) म्हणून रोझीला उभं केलं. तो फोटो देशभरच्या पेपरांत छापून आला. जाहिरातीचे पैसे शून्य. फिरंगाई, तुमच्या बिल्डरने हरिण नुसतं छापलं. याने हत्ती खरोखर आणून उभा केला, एवढा फरक मी त्याच्या पदरात टाकतो.

आणखी एक फरक आहे, तो माझ्या मते मोठा. आपल्याकडे "प्रस्तावित रिंगरोड टच" म्हणून प्लॉट विकतात. फिशर आधी रस्त्याच्या मागे लागला. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को लिंकन हायवेची कल्पना त्याची, १९१३ साली जाहीर झाला. मोटार कारखानदारांकडून वर्गणी काढली. हेन्री फोर्डने नकार दिला, म्हणाला खाजगी पैशाने रस्ते झाले तर सरकार कधीच बांधणार नाही. मग उत्तरेकडून थेट मायामीत उतरणारा डिक्सी हायवे. १९१५ मध्ये स्वतः गाड्यांचा ताफा घेऊन इंडियानाहून चिखल तुडवत खाली आला. तो रस्ता कुणाच्या प्लॉटच्या दिशेने जातो हे सांगायला नकोच.

---

अर्धवट इंजिनियर | रात्री १०:२०

१९२५ च्या तेजीबद्दल मी भर घालतो, यावर थोडं वाचलंय.

तेव्हा मायामीत प्लॉट विकला जात नसे, विसारपावती विकली जाई. दहा टक्के भरून पावती घ्यायची. पहिला मोठा हप्ता महिनाभराने. तोवर तीच पावती फुटपाथवर दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला. दुपारपर्यंत चार हात बदलायची. हे करणाऱ्या पोरांना "बाइंडर बॉइज" म्हणत. जागा कुणी बघितलेली नसे, बहुतेकांना बघायचीही नसे. तो कुप्रसिद्ध चार्ल्स पाँझी सुद्धा तुरुंगातून सुटल्यावर फ्लॉरिडात जमीन विकायला आला होता. ज्याच्या नावाने आपण पाँझी स्कीम म्हणतो तोच.

मग एकामागोमाग. १९२५ च्या शरदात रेल्वेने हात वर केले. वाघिण्या तुंबल्या म्हणून अत्यावश्यक माल सोडून काही घेईना, म्हणजे विटा-सिमेंट बंद. मग माल बोटीने यायला लागला, तर १० जानेवारी १९२६ ला प्रिन्झ वाल्डेमार नावाचं जुनं जहाज, ज्याचं तरंगतं हॉटेल करायचं चाललं होतं, बंदराच्या तोंडातच कलंडलं. महिन्याहून जास्त बंदर बंद. लेबर आहे, गिऱ्हाईक आहे, सिमेंट नाही! साइटवर काम केलेल्या माणसाला ही शिक्षा कळेल.

आणि १८ सप्टेंबर १९२६ ला वादळ.

---

रेवदंडेकर काका | रात्री १०:५५

वादळात माणसं का गेली त्याचं कारण वाचून मी सुन्न झालो होतो. वादळाचा डोळा शहरावर आला, वारा एकदम पडला. अर्ध्या तासाच्या आसपास शांतता. लोक नवे, उत्तरेकडून आलेले. वाटलं संपलं. घराबाहेर आले, पडझड बघायला लागले, काही जण बेटावरून मायामीकडे निघाले, पुलावर होते. आणि उलट्या दिशेने दुसरा अर्धा भाग आला. किनाऱ्यावरच्या माणसाला आजोबांनी सांगितलेलं असतं, वारा पडला तर अजून दार उघडू नको. त्या गावाला आजोबाच नव्हते. गाव ११ वर्षांचं.

---

भातखाचर | रात्री ११:०२

"त्या गावाला आजोबाच नव्हते." काका, दंडवत.

---

जुन्या_बाजारातला | गुरुवार, सकाळी ८:१५

हे सगळं वाचून मुंबईचे जुने शेअरदलाल प्रेमचंद रायचंद आठवले नाहीत असं होणार नाही. आणि तिथे संबंध नुसत्या साम्याचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस अडला म्हणून मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, तो पैसा बॅकबेच्या भरावाच्या शेअरांत ओतला गेला. ५ हजारांचा शेअर ५० हजारांवर. अजून समुद्रच होता तिथे! १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलैला देण्याचा दिवस आला तेव्हा अर्धी मुंबई कफल्लक. प्रेमचंदही बुडाले. पण ते सावरले, १९०६ पर्यंत जगले, आणि राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. फिशर का सावरला नाही?

---

ओसरीवरून | गुरुवार, रात्री १०:३०

जुबा, हाच प्रश्न मला या माणसाकडे घेऊन गेला. माझं उत्तर सांगतो, पटलं तर घ्या.

फिशर १९२६ च्या वादळाने संपला असं लिहिलं जातं. मला तसं वाटत नाही. वादळाच्या आधीच त्याने न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडचं पार पूर्वेचं टोक, माँटॉक, विकत घेतलं होतं. दहा हजार एकरांच्या आसपास, २५ लाख डॉलर. गुरं चरायची जागा. हिशोब साधा: श्रीमंत माणूस हिवाळ्यात मायामी बीचला येतो, मग उन्हाळ्यात त्याने दुसऱ्याच्या खिशात पैसे का घालावेत? टेकडीवर माँटॉक मॅनर हॉटेल, गोड्या पाण्याच्या तळ्याला खाडीकडे तोंड फोडून बोटींसाठी बंदर, रस्ते, पोलो, आणि माळावर एकटी उभी सात मजली ऑफिस इमारत. ती इमारत अजून आहे. आजूबाजूला अजून तेवढं उंच काही नाही.

आता त्याच्या पैशाची वाट बघा. सायकलच्या नफ्यातून मोटारी. मोटारीच्या ओळखीतून दिवे. दिव्याच्या पैशातून खाडी उपसली. प्रत्येक वेळी मागचं सगळं पुढच्यात. ट्रॅक त्याने आणि भागीदारांनी १९२७ मध्ये एडी रिकनबॅकर या मोटार रेसर नि लढाऊ वैमानिकाला विकून टाकला. माँटॉकचे रोखे काढले तेव्हा तारण काय? मायामी बीच. म्हणजे एका गावातली मिळकत दुसऱ्या गावाच्या कर्जाला बांधलेली. वादळाने मायामीची विक्री थांबली, तिथून माँटॉकला जाणारा पैसा आटला, १९२९ ला शेअर बाजार पडला आणि माँटॉकला येणारं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. १९३२ मध्ये माँटॉकचं दिवाळं वाजलं. देणी भागवता भागवता बीचवरचं एकेक गेलं.

आमच्या ऑफिसात एक जुने वकील होते, ते बोजा चढलेला उतारा बघून म्हणायचे, "एक गाय दोन दावणीला." तेवढंच झालं.

१९२५ मध्ये त्याची मिळकत ५ कोटी डॉलरच्या वर धरली जात होती. तिशीच्या दशकात तो त्याच गावात लहानशा घरात राहत होता, जुन्या मित्रांसाठी जाहिरातीची किरकोळ कामं करत होता. विचार करा, सकाळी कामाला निघायचं ते लिंकन रोडवरून. त्या रस्त्याचं नावही यानेच ठेवलेलं.

दारू आधीपासून होतीच, आता तीच उरली. यकृत गेलं. मधे डोकं मात्र चालूच. फ्लॉरिडाच्या 'की लार्गो' नावाच्या बेटावर कॅरिबियन क्लब काढायला घेतला, मासेमारीचा. आणि कुणासाठी? बेताच्या कमाईच्या माणसांसाठी. करोडपतींना विकणाऱ्याचा शेवटचा प्रकल्प परवडणाऱ्या दरातला! हे वाचून मी हसलो आणि मग हसू गेलं.

१५ जुलै १९३९, मायामी बीचच्या रुग्णालयात, पोटातल्या रक्तस्रावाने गेला. वय ६५. आधी मायामीत ठेवलं, काही वर्षांनी इंडियानापोलिसच्या क्राउन हिल दफनभूमीत नेलं. म्हणजे ज्या गावी सायकल गच्चीवरून टाकली होती तिथे.

---

नकोते_प्रश्न | रात्री १०:५२

शेवट वाचून वाईट वाटलं हे कबूल करते, आणि वाईट वाटलं याचा थोडा रागही आला. गवत लावणाऱ्या त्या बायका १९३९ मध्ये कुठे होत्या, कशा गेल्या, हे कुणी लिहिलेलं नाही. त्यांनाही साधीच घरं असणार. आधीपासून.

---

ओसरीवरून | रात्री ११:०५

यावर माझ्याकडे उत्तर नाही, नप्र.

---

जुन्या_बाजारातला | रात्री ११:१०

एक गाय दोन दावणीला, पटलं. पण ओसरी, माणूस पळाला नाही हेही लिहा. कर्जावर सही स्वतःची होती, कंपनीच्या मागे लपला नाही. आजचा बिल्डर प्रत्येक इमारतीला वेगळी कंपनी काढतो, एक बुडाली की दुसरीच्या बाल्कनीतून हात हलवतो.

---

फिरंगाई | रात्री ११:१८

+१. आमचं हरिण तर सोमवारीच पळालं होतं.

---

टॅम्पाची ताई | शुक्रवार, सकाळी ७:४०

उशिरा आले धाग्यावर. मी फ्लॉरिडात १७ वर्षं आहे, भाची मायामीत, त्यामुळे बीचला जाणं होतं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

दोन-तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. लख्ख ऊन, ढगाचा पत्ता नाही. खाडीच्या बाजूला ऑल्टन रोडजवळच्या गल्लीत गाडी लावली, जेवायला गेलो, तासाभराने आलो तर चाकांना पाणी. पाऊस नाही, काही नाही. गटाराच्या जाळीतून बुडबुडे येत होते आणि पाणी हळूहळू वर. भाचीने बोट बुडवून जिभेला लावलं, खारट. फूटपाथच्या कडेला बोटभर लांबीचा मासा फिरत होता. तिथल्या दुकानदाराने चपला हातात घेतल्या आणि दार ओढून घेतलं, रोजचं असल्यासारखं. नगरपालिकेने पंप बसवलेत, काही रस्ते दोन-दोन फूट उचललेत. मग दुकानं रस्त्याच्या खाली गेलीत, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली खडक चुनखडीचा, भोकाभोकांचा, त्यामुळे भिंत घातली तरी पाणी खालून येतंच म्हणे.

फिशरचं स्मारक त्याच रस्त्यावर पुढे आहे. छोटी बाग, त्याचा अर्धपुतळा. आम्ही गेलो तेव्हा कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई सोडून कुणी नव्हतं. तिला विचारलं हे कोण. म्हणाली, रस्त्याचा कंत्राटदार असावा.

---

रेवदंडेकर काका | सकाळी ८:०२

न्हाणीतून उलटं पाणी! सांगितलं होतं ना.

---

अर्धवट इंजिनियर | सकाळी ९:१५

ताई, डिसेंबरात मायामीला कामानिमित्त येतोय, एक दिवस मोकळा आहे. स्मारकाजवळ पार्किंग मिळतं का?

---

टॅम्पाची ताई | सकाळी ९:३१

मिळतं. पण निघायच्या आधी पंचांग बघा. पौर्णिमा-अमावास्या असेल तर गाडी समुद्राच्या बाजूला लावा आणि चालत या.